डावीकडचा चौथा बोल्ट

मी मेलबर्नच्या पश्चिम भागात एका वर्कशॉपमध्ये टोबार बसवायचं काम करतो, आता सातवं वर्ष चालू आहे. टोबार म्हणजे गाडीच्या मागं बंपरखाली बसतो तो लोखंडी बार आणि त्याच्यावरचा ५० मिलिमीटरचा गोळा, ज्याला ट्रेलर, बोट, कॅरॅव्हॅन (म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर) जोडतात. आमच्या इचलकरंजीकडं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचा ड्रॉबार आणि खिट्टी बघतच मी मोठा झालो, त्यामुळं इथं आल्यावर हे काम फार परकं असं कधी वाटलं नाही. पण गेल्या मार्चमधला एक गुरुवार अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

गिऱ्हाईक टार्निटचं, म्हणजे मेलबर्नच्याच पश्चिमेकडच्या उपनगरातलं, मराठी कुटुंब. पंधरा दिवस आधी तो चौकशीला आला तेव्हा माझ्या शर्टावरचं नाव वाचून एकदम म्हणाला, "दादा, तुम्ही मराठी?" मग काय, अर्धा तास गप्पा. नवरा, बायको, दोन पोरं, आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. सात सीटची एसयूव्ही सेकंडहँड घेऊन पाच महिने झाले होते आणि आता कॅरॅव्हॅन घ्यायची, लेबर डेच्या लाँग वीकेंडला लेक्स एन्ट्रन्सला जायचं, साधारण साडेतीनशे किलोमीटर, समुद्राकाठी आईवडिलांना तीन दिवस ठेवायचं असा सगळा बेत.

त्यानं एक कॅरॅव्हॅन जवळजवळ पक्की केली होती. म्हणाला, "गाडी २००० किलो ओढते आणि कॅरॅव्हॅन १६५० ची आहे, आरामात होईल." मी म्हटलं फोटो दाखव प्लेटचा. १६५० हे टेअर होतं, म्हणजे रिकाम्या कॅरॅव्हॅनचं वजन. पाण्याच्या टाक्या, गॅस, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सगळं भरून जास्तीत जास्त किती होऊ शकतं तो आकडा वेगळा असतो, त्याला इथं एटीएम म्हणतात, आणि तो होता २२००. म्हणजे गाडीच्या ताकदीच्या वर. ही चूक मी महिन्यातून दोनतीनदा तरी बघतो, लोक टेअर बघून पैसे देऊन मोकळे होतात.

दुसरी गोष्ट गोळ्यावर येणारं वजन. कॅरॅव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या गोळ्यावर दाबून बसला पाहिजे. ज्यानं उसाची ट्रॉली बघितलीय त्याला हे लगेच कळेल, पुढं भार जास्त झाला की चढाला ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं आणि स्टेअरिंग लागत नाही. आणि भार कमी पडला किंवा मागंच सगळा माल भरला की ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते, ताशी १०० च्या स्पीडला कॅरॅव्हॅन तशी हलायला लागली तर भल्याभल्या ड्रायव्हरला सावरत नाही. हे गोळ्यावरचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनात धरावं लागतं आणि खरी गोची तिथंच आहे. मी त्याच्यासमोर कागदावर हिशोब मांडला. गाडी रिकामी २०५० किलो, भरून जास्तीत जास्त २७००, म्हणजे हातात राहिले ६५०. सहा माणसं मिळून ३४५. बॅगा ६०. टोबारचंच वजन ३५. १६०० एटीएमची छोटी कॅरॅव्हॅन घेतली तर गोळ्यावर १६०. झाले ६००. उरले ५०, त्यात डिक्कीत खाण्यापिण्याचा बर्फाचा डबा ठेवला की संपलं. तो कागदाकडं बघतच राहिला, मग फोटो काढून बायकोला पाठवला.

शेवटी १६०० वालीच घेतली त्यानं, वर छत उचलायचं असतं तसली. ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात इथं, म्हणून त्याच्या डॅशबोर्डवर ब्रेक कंट्रोलर, मागं प्लग, गाडीच्या मॉडेलचंच वायरिंग, सगळं ऑर्डर केलं. वायरिंगमध्ये मी कधीच तडजोड करत नाही, हल्लीच्या गाड्यांत टेललाइटची वायर कापून जोडायचे दिवस गेले, कॉम्प्युटरला कळलं नाही की मागं ट्रेलर आहे तर मागचे सेन्सर सारखे कोकलत बसतात आणि काहीतरी बिघडतं ते वेगळंच.

गुरुवारी सकाळी साडेसातला गाडी सोडून गेला. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं होतं.

होइस्टवर, म्हणजे गाडी वर उचलायच्या लिफ्टवर, घेतली, टेललाइट काढले, बंपरचं प्लास्टिक काढलं, आतला आडवा लोखंडी बीम काढला. या गाडीत टोबारचे दोन हात चेसीच्या दोन रेल्सना, म्हणजे गाडीखालून लांबीला जाणाऱ्या पोकळ लोखंडी बीमना, बाहेरून टेकवायचे आणि प्रत्येक बाजूला चार बोल्ट. नट रेलच्या आत कंपनीतूनच वेल्ड केलेले असतात. हे बोल्ट आधी हातानं लावायचे, पाना नाही, एअर गन तर अजिबात नाही. बोटांनी पाचसहा आटे गेले की मगच टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना. मला पहिल्या आठवड्यात बॉसनं हेच शिकवलं होतं की बोल्ट हातानं जात नसेल तर तो काहीतरी सांगतोय.

उजवीकडचे चारही गेले, लोण्यात सुरी जावी तसे. डावीकडचे पहिले दोन गेले. तिसरा तीन आटे गेला आणि अडकला. चौथ्याच्या भोकात टॉर्च मारला तर गोल भोक दिसायच्या ऐवजी चंद्रकोर दिसली, अर्ध्या बाजूला रेलचा पत्रा आडवा आलेला. चारपाच मिलिमीटरचा फरक असेल.

पहिला संशय टोबारवर. रॅकमधून त्याच पार्ट नंबरचा दुसरा काढून लावून बघितला, तीच चंद्रकोर. म्हणजे टोबार बरोबर, गाडी चुकीची.

आमचा शिकाऊ पोरगा म्हणाला भोक जरा मोठं करूया, रीमर मारला तर पाच मिनिटांचं काम आहे. खरंच पाच मिनिटांचंच होतं. उद्या संध्याकाळी माणसं निघणार, म्हातारे आईवडील, पोरं उड्या मारत असतील, आणि माझ्या हातात रीमर. एक मिनिटभर माझ्याही मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग मी रेलला हात लावून बघितला.

खालचं काळं अंडरकोट उजवीकडं दगडासारखं कडक आणि डावीकडं नखानं निघत होतं. थोडं खरवडलं. कंपनीचे स्पॉट वेल्ड कसे असतात, बारीक ठिपके, एका ओळीत, सारख्या अंतरावर. डावीकडं रुपयाएवढे वेल्डचे गोळे, ग्राइंडर मारून सपाट केलेले, आणि सांध्यात सीलर बोटानं फासलेलं, बोटाचे ठसे सुद्धा दिसत होते त्यात. गाडी मागून जोरात ठोकली गेली होती कधीतरी आणि कुणीतरी ती ओढून, तापवून, लिंपून विकली होती.

बॉसला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं, चंद्रकोरीत टॉर्च मारला आणि एवढंच म्हणाला की या बारवर आपल्या दुकानाची प्लेट लागणार, अशा रेलवर नाही लावायची.

फोन मलाच करावा लागला. तो गप्प झाला आधी, मग म्हणाला, "दादा, काहीतरी ॲडजस्ट कर ना, एवढ्या वेळेपुरतं. आई-बाबा दोन आठवड्यांनी चाललेत परत." मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं तू ये, डोळ्यांनी बघ, मग बोलू.

दुपारी तो आला, सोबत वडील. पांढरी मिशी, पायात बूट मोजे, हात मागं बांधून होइस्टकडं बघत उभे. मुलगा म्हणाला बाबा एसटीत होते, दापोडीच्या वर्कशॉपला, फिटर म्हणून रिटायर झाले. एसटीच्या गाड्यांच्या बॉड्या जिथं बांधतात ते दापोडी. मी त्यांना काका म्हणून नमस्कार केला, पण त्यांचा चेहरा काही सैल पडला नाही. म्हणाले, "अरे बाळा, एक बोल्ट बसत नाही म्हणून काम थांबवतात का? पट्टी मार आतून आणि वेल्ड कर. आम्ही काय काय केलंय तिथं."

मी वाद घातला नाही. म्हटलं काका, खाली या आणि हात लावून बघा.

होइस्टखाली आले. चष्मा कपाळावर चढवला. उजवी रेल आधी बघितली, अंगठा फिरवला वरून खालपर्यंत, मग डावीवर तोच अंगठा तसाच फिरवला आणि मध्ये थांबला. परत मागं आणला. परत थांबला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "लोहचुंबक आहे का?"

आमच्याकडं पडलेले नट उचलायची काठी असते, टोकाला मॅग्नेटवाली, ती दिली. त्यांनी ती उजव्या रेलवर टेकवली, टक्कन चिकटली. डावीवर टेकवली, चिकटली. हळूहळू सरकवत पुढं नेली, आणि एका जागी, वीतभर असेल, मॅग्नेट नुसता घसरून खाली आला. परत लावला, परत घसरला. पुट्टी होती तिथं. चेसीच्या रेलमध्ये पुट्टी. मी अंडरकोट खरवडला होता पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मी फक्त बोल्टच्या आसपास बघत होतो. त्यांनी मागितला म्हणून मॅग्नेट आला.

वेल्डची पट्टी वगैरे मग कुणी बोललं नाही. ते रेल धरून वर बघत होते, गाडीच्या फ्लोअरकडं. म्हणाले, "याच्या बरोबर वर काय येतं?"

मी म्हटलं तिसरी सीट.

"तिथं कोण बसतं?" हे मुलाला विचारलं.

तो म्हणाला, "पोरं."

कंप्रेसर सोडला तर वर्कशॉपमध्ये कशाचाच आवाज नव्हता त्या वेळी. त्या गिऱ्हाइकाचा चेहरा मला अजून दिसतो. तो कॅरॅव्हॅनचा विचार करत आला होता आणि आता पाच महिने रोज शाळेत सोडायला ने-आण केलेली आठवत असणार. गाडीच्या रेल्स अशा बनवलेल्या असतात की मागून धडक बसली तर त्यांनी ठरलेल्या जागी चुरगळायचं आणि धक्का खायचा, माणसांपर्यंत कमीत कमी पोचू द्यायचा. एकदा चुरगळलेली रेल तापवून सरळ केली की त्या हाय-टेन्साइल पत्र्यात ती ताकद राहत नाही, आणि वर पुट्टी भरली तर ती नुसती दिसायला रेल असते.

तो म्हणाला मी पीपीएसआर चेक केला होता, क्लिअर होता, रोडवर्दी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असा दाखला, पण होतं. दोन्ही खरं होतं. पीपीएसआर म्हणजे दोन डॉलरमध्ये होणारी तपासणी, गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, इन्शुरन्सनं राइट-ऑफ केली होती, म्हणजे बाद ठरवली होती का ते कळतं. पण ज्यानं ठोकली त्यानं इन्शुरन्सला सांगितलंच नाही आणि कुणाकडून गुपचूप करून घेतली तर तिथं काहीच दिसत नाही. आणि रोडवर्दी करणारा मागचा बंपर काढून बघत नसतो. सेकंडहँड गाडी घेताना होइस्टवर चढवून दोन्ही बाजूंच्या रेल्सना एकदा हात लावून बघा असं मी तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, डावी आणि उजवी सारखी लागते का एवढंच बघायचं, त्याला इंजिनिअर असायची गरज नाही.

बंपर परत बसवला. बॉसनं मजुरी घेतली नाही. मी सगळे फोटो काढून दिले, चंद्रकोरीचा, वेल्डचा, मॅग्नेट न चिकटणाऱ्या जागेचा फूटपट्टी धरून, कारण विकणाऱ्याशी पुढं भांडायला ते लागणार होते. आमच्या ओळखीच्या एका चेसी-बेंचवाल्याचा नंबर दिला, जिथं गाडी बेंचवर पकडून पॉइंट टू पॉइंट मोजतात. जाताना काका म्हणाले, "पोरांना मधल्या रांगेत बसव," आणि स्वतः तिसऱ्या सीटवर जाऊन बसले. मुलगा नको नको म्हणत होता, ते ऐकेनात.

लेक्स एन्ट्रन्सला ते मित्राची गाडी मागून घेऊन गेले, कॅरॅव्हॅन दारातच उभी राहिली. नंतर मला मेसेज आला की आजोबा आणि दोन्ही नातवंडं रात्री तिच्यातच झोपतात, ड्राइव्हवेमध्ये.

गाडीला सात आठवडे लागले. डावी रेल मागून कापून नवीन सेक्शन घातला, मोजमापाचे कागद आले, पैसे बरेच गेले आणि विकणाऱ्याशी भांडण अजून चालू आहे. मे महिन्यात गाडी परत माझ्या होइस्टवर आली. काका तोवर पुण्याला गेले होते. मुलानं व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला, पलीकडं काका चष्मा कपाळावर घेऊन बसलेले. मी उजवीकडचा पहिला बोल्ट बोटांनी फिरवून दाखवला, कसा सरळ आत जातोय ते.

"ते राहू दे," काका म्हणाले. "डावीकडचा चौथा दाखव."

मी बोल्ट घेतला, भोकावर धरला आणि दोन बोटांनी फिरवला. एक आटा, दुसरा, तिसरा, चौथा, तसाच शेवटपर्यंत आत गेला. काकांनी चष्मा खाली घेतला, म्हणाले, "हं. आता टॉर्क मार."