आमची वाटचाल : पॅटर्न शॉप ते पेट्रोलची पट्टी

आमचं मूळ काम पॅटर्न मेकिंगचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने करायचं; आता जुन्या गाड्यांच्या टाकीत पेट्रोल किती आहे ते बघायच्या लाकडी पट्ट्या करतो. वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं शॉप टाकलं तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना लागणारे पंपाचे, ऑईल इंजिनचे पॅटर्न सगळे सागवानात व्हायचे, मान वर करायला वेळ नसायचा. पुढं अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न आले, मग सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं) आलं आणि लाकूडकाम कमी कमी होत गेलं. शॉपमध्ये उरलं काय, तर चांगलं सुकलेलं लाकूड, पटाशा आणि मापाचं वेड.

त्यात ओळखीचे एक मिस्त्री जुनी विलीज जीप घेऊन आले. तिची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, सीट उचलली की टाकीचं तोंड. म्हणाले, "पेट्रोलचा काटा मेलाय, पार्ट मिळंना, तोवर एक पट्टी करून दे की." दिली करून. त्यांनी ती दुसऱ्याला दाखवली, त्यानं तिसऱ्याला, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर पुणं, मुंबई, बेळगावचे फोटो यायला लागले.

तसं हे काम काही नवीन नाही. फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ बनली, तिला पेट्रोलचा काटा नव्हताच. सीट काढायची, टाकीत पट्टी घालायची, ओली कुठवर झाली बघायची. तिकडं अमेरिकेत गॅरेजवाले आपली जाहिरात छापून अशा लाकडी पट्ट्या वाटायचे. शिवाय पेट्रोल नुसतं उतारानं इंजिनकडं जायचं, त्यामुळं टाकीत कमी असलं की खड्या चढाला गाडी चक्क रिव्हर्समध्ये चढवायचे! फोक्सवॅगन बीटललासुद्धा साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटा नव्हता, पायाजवळ रिझर्व्हचा कॉक असायचा तेवढाच.

आता लोकांना वाटतं पट्टीत काय एवढं, स्केल घ्या आणि समान खुणा मारा. गोल आडवी टाकी असली की इथंच फसतं. समजा टाकीचा व्यास १० इंच, तर अर्धी टाकी ५ इंचाला बरोबर, पण पाव टाकी अडीचला नाही, जवळजवळ ३ इंचाला भरते आणि पाऊण ७ ला, कारण बुडाला आणि वर टाकी अरुंद. त्यात जुन्या टाक्या ठोकून सरळ केलेल्या, कुठं दबलेल्या, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना आम्ही एकच पट्टी देत नाही. गाडी सपाट फरशीवर, टाकी रिकामी, पाच-पाच लिटर मापानं ओतायचं, पेट्रोल शांत झालं की पट्टी उभी बुडाला टेकवायची आणि लगेच पेन्सिल मारायची, कारण ओल बघता बघता उडते. बाहेरगावचा गिऱ्हाईक हे सगळं स्वतः करतो, नुसती कोरी पट्टी आम्ही पाठवतो, त्यानं खुणा करून परत पाठवली की आम्ही खाचा पाडतो. शाई चालत नाही, पेट्रोलमध्ये धुऊन जाते. पॅटर्नवाल्याची श्रिंक स्केल मात्र इथं चुकून पण हातात घ्यायची नाही, तिचा इंच बिडाच्या आकसण्यासाठी मुद्दाम मोठा असतो.

लाकूड आम्ही शिवणीचं वापरतो, फिकट असल्यामुळं ओल लगेच दिसते. पॉलिश फक्त मुठीला, तेही लाखेचं नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (आपल्याच उसाचं म्हणा ना) आणि लाख त्यात विरघळते. जुन्या कॉर्कच्या फ्लोटवर (काट्यासाठी टाकीत तरंगणारा तुकडा) पण लाखेचाच हात असायचा, तो पण निघतो. आणि काही झालं तरी लोखंडी सळी टाकीत घालू नका राव, ठिणगीचा खेळ आहे तो.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते त्या दिवशी शॉप बंद, आम्ही सगळे तिकडं. नाही, तिची पट्टी आम्ही केलेली नाही, दरवर्षी कोणीतरी विचारतंच म्हणून सांगून टाकतो.

मध्ये एक व्यापारी आला होता, गाडीचं नाव छापून रेडिमेड पट्ट्या ढिगानं करून द्या म्हणाला, पैसे चांगले होते. नको म्हटलं. त्या पट्टीवर विश्वास ठेवून कोणीतरी आंबा घाटात अडकणार आणि शिव्या आम्हाला.

ज्या गाडीच्या टाकीची नळी वाकडी आहे तिला आमची पट्टी जात नाही. उगाच ऑर्डर घेत नाही, आमच्या गल्लीत एकजण फ्लोट आणि सेंडर (काट्याला पातळी कळवणारा भाग) झकास दुरुस्त करतो, त्याच्याकडं पाठवतो.