नळ आले का?

पुण्याची मामेबहीण आली होती मे महिन्यात. सकाळी पावणेसहाला समोरच्या भाभींनी गच्चीवरून आवाज दिला, "नल आये क्या?" आणि आमच्या घरात एकदम पळापळ, हे हौदाचं झाकण उघडायला, मी मोटरच्या बटणाकडे, आई (म्हणजे सासूबाई) हंडा घेऊन अंगणातल्या तोटीशी, आणि ही बिचारी चादर ओढून उठून बसली, म्हणे कोण आलं, कोण आलं? कोणी नाही ग, नळ आलेत.

इंदूरमधे नळ "येतात" आणि "जातात", पाहुण्यांसारखे. आमच्या राजेंद्रनगरच्या गल्लीत दिवसाआड येतात, पाऊण तास, फार तर तासभर. कोणाला केळवणाला बोलवायचं तर आम्ही आधी बघतो तो दिवस नळाचा आहे की नाही, इतकी भांडी घासायची असतात.

घरात पाणी दोन प्रकारचं, नर्मदा (नळाला येतं ते) आणि बोरिंग. बोरिंगचं पाणी इतकं जड की स्टीलच्या पातेल्यांवर पांढरे डाग पडतात आणि गीझरची कॉइल दोन वर्षांत खाऊन टाकतं. म्हणून आईंचा कायदा आहे, नर्मदा फक्त पिण्याला, स्वयंपाकाला, देवाला आणि आंघोळीचा शेवटचा तांब्या. बाकी सगळं बोरिंगवर. नवीन बाथरूम केलं तेव्हा प्लंबरने फ्लशला पण नर्मदेची लाइन जोडली होती, आई म्हणाल्या, "लोक जिची अनवाणी परिक्रमा करतात, तिला तुम्ही संडासात सोडणार?" प्लंबरने निमूटपणे पाइप बदलला.

मला तेव्हा हसू आलं होतं. पण खरं सांगू का, हे पाणी येतं कुठून ते बघितलं तर आईंचं चुकत नाही. मंडलेश्वरजवळ जलूदला ते नदीतून उचलतात, तिथून साधारण सत्तर किलोमीटर, आणि मधे अख्खा विंध्याचल, म्हणजे पाणी पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच चढवायचं, तेही रोज. नदी खाली आणि शहर वर पठारावर, गंमत आहे ना. 1970 मधे नर्मदा इंदूरला आणा म्हणून मोठं आंदोलन झालं, आईंचं तेव्हा नुकतं लग्न झालेलं, रामबागेतल्या घरात विहिरीवर रहाट होता म्हणतात. पाणी शेवटी आलं 1978 ला. त्याच्या आधी यशवंतसागर, बिलावली तलाव आणि आपापल्या विहिरी यांवरच चालायचं. आता त्या पंपांचं विजेचं बिलच महिन्याला कोटींमधे जातं, म्हणून 2023 मधे नगरनिगमने जलूदच्या 60 मेगावॉट सोलर प्लांटसाठी बाँड काढले, 244 कोटींचे. आमचे हे पण घेणार होते, फॉर्म वगैरे डाउनलोड केला, शेवटी एफडीच केली, ते जाऊ दे.

तर नर्मदेबद्दल एवढ्या कडक असलेल्या आई, नळाचा दिवस उजाडला की पहिलं काम काय करायच्या, तर परवाचे दोन हंडे आणि तीन कळश्या मोरीत पालथ्या. शिळं पाणी! अठ्ठावीस वर्षं मी हे बघतेय. एकदा हिय्या करून म्हटलं, "आई, हौदातलं पण परवाचंच असतं की." थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हौदाचं वेगळं." काय वेगळं ते आजपर्यंत सांगितलेलं नाही. तडजोड अशी झाली की शिळं पाणी मोरीत न जाता कूलरमधे आणि तुळशीला जाईल. उन्हाळ्यात आमचा डेझर्ट कूलर रात्रभरात तीन बालद्या सहज पितो, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

लेकीने टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) मागवलं होतं, ते पाण्यात बुडवून आकडे बघायचा नाद लागला होता तिला. नर्मदा 200 च्या आत, बोरिंग 900. आणि आम्ही मूर्खासारखे नर्मदेच्या पाण्याला आरओ लावून बसलेलो, एक लिटर प्यायला मिळवायचं आणि तीन लिटर पाइपने बाहेर. आता पावसाळ्यात गढूळ येतं म्हणून युव्हीवालं साधं मशीन आहे, पुरतं. आरओ विकणाऱ्या पोराला हे कळलं असतं तर हार्टअटॅक आला असता.

गच्चीचं पाणी बोरिंगकडे वळवलंय, गिट्टी, वाळू, कोळसा भरलेला खड्डा करून. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस म्हणजे जवळजवळ 2300 लिटर, आणि इंदूरला वर्षाचा पाऊस पस्तीस इंचांच्या आसपास पडतोच, हिशोब तुम्ही करा. फक्त पहिला पाऊस बाहेर सोडायचा, गच्चीवर कबुतरांनी काय काय करून ठेवलेलं असतं.

पण मला खरं सांगायचंय ते मोटरचं, इतका वेळ टाळतेय.

दोन उन्हाळे आम्ही नळाच्या लाइनवर डायरेक्ट मोटर लावत होतो. नियमात बसत नाही, माहीत होतं, पण गल्लीत सगळेच लावतात म्हणून आम्ही पण. हौद वीस मिनिटांत फुल, वर अंगण पण धुऊन व्हायचं. त्याच उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाच्या घरातल्या काकू, एकट्या राहतात, बादली घेऊन आल्या, "दोन हंडे मिळतील का ग, आमच्याकडे आज करंगळीएवढी धार होती." यांनी स्वतः उचलून नेऊन दिले. पुढच्या नळाला परत, मग जवळजवळ नेहमीच. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आईंना म्हटलं पण, बघा, आपल्या हातून किती चांगलं काम होतंय.

मग काकूंनी प्लंबर बोलावला, तो त्यांची लाइन तपासून आमच्या गेटशी आला आणि कानाला बोट लावून मोटरचा आवाज ऐकून म्हणाला, "भाभीजी, ये बंद कर दो, उनके नल में पानी अपने आप आ जायेगा." आम्ही बंद केली. पाचव्या मिनिटाला काकूंच्या अंगणातून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. म्हणजे त्यांचंच पाणी ओढून घेऊन आम्ही त्यांना हंड्याने देत होतो, आणि वर पुण्य जमा झाल्यासारखं वाटून घेत होतो. त्या दिवशी मला काकूंकडे बघवेना.

त्याच प्लंबरकडून आमच्या नळाची तोटी दोन फूट खाली खड्ड्यात घेतली, आता प्रेशर कमी असलं तरी पाणी आपसूक हौदात उतरतं, आणि मोटर फक्त हौदातून गच्चीच्या टाकीत चढवायला. वेळ लागतो, हो. मधल्या एका घरात अजून डायरेक्ट मोटर घरघरते, त्यांना बोलून झालं, हसून झालं, एकदा भांडून पण झालं.

काकूंचं आणि आमचं ठरलंय, आधी त्यांचा हौद भरू द्यायचा. तोवर आमच्या तोट्या बंद. भरला की त्या मिस्ड कॉल देतात, मग आम्ही उघडतो. छान चाललंय. काल मात्र मिस्ड कॉल येईचना. शेवटी मीच फोन लावला तर म्हणाल्या, "अग बाई, भरला केव्हाच, मी मेथी निवडत बसले, विसरलेच बघ!" मी धावत जाऊन तोटी उघडली, दोन मिनिटं धार आली, मग फुस्स करून हवा. नळ गेले.

आज सकाळी आईंनी तेरवाच्या हंड्यातल्या पाण्याचा चहा टाकला. शिळं हा शब्द काढला नाही.