२२ फूट पावणेदोन इंच

आमच्या ड्राइव्हवेवर खडूच्या दोन रेघा असतात. बास्केटपासून १९ फूट ९ इंचांवरची रेघ हायस्कूलची, तीन गुणांच्या शॉटची. तिच्या मागे दोन फूट पावणेपाच इंचांवर कॉलेजची. मुलींच्या कॉलेज सामन्यांसाठी एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, ही रेघ २०२१-२२च्या हंगामापासून मागे नेली, आंतरराष्ट्रीय सामन्यांत असते तिथे. लेक तेव्हा दहावीत होती. तिच्या बाबांनी एका शनिवारी टेप धरून ती रेघ आखली. पाऊस पडला की पुसली जाते, मग पुन्हा आखायची.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मी मूळची सांगलीची. शाळेत खो-खो खेळायचे, जिल्हा पातळीपर्यंत गेले होते. दहावीचं वर्ष आलं आणि खेळ सुटला. कुणी जबरदस्तीने सोडवला नाही, पण ‘खेळत राहा’ असंही कुणी म्हटलं नाही. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, “आई, मला कॉलेजमध्ये पण खेळायचंय,” तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. ते जमवायचं कसं, हे मात्र मला मुळीच ठाऊक नव्हतं. आमच्या मराठी मंडळींत एसएटीच्या क्लासपासून उन्हाळी रिसर्चपर्यंत सगळ्याची माहिती मिळते. बास्केटबॉलबद्दल विचारायला एकही घर नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली चूक सांगते. दहावीच्या शेवटी एका मोठ्या कॉलेजकडून ईमेल आली. ‘आमच्या कोचेसनी तुझ्या खेळाची नोंद घेतली आहे, एलिट कँपला ये.’ आम्ही हरखून गेलो. मी त्याच रात्री सांगलीला आईला फोन केला. आजीने देवापुढे साखर ठेवली. कँपची फी भरली, तीन तास गाडी चालवत गेलो आणि जिममध्ये शंभराहून जास्त मुली रांगेत उभ्या. सगळ्यांना तीच ईमेल आलेली. परतताना लेक गाडीत काही बोलली नाही. टर्नपाइकवर अंधार झाल्यावर म्हणाली, “आजीला सांगू नकोस.” अशा ईमेल शेकड्यांनी जातात. कँपच्या फीमधून पैसा उभा राहतो, त्यात गैर काही नाही, पण ते संघात येण्याचं बोलावणं नव्हे. मुलीचं नाव, तिचा एखादा ठरावीक सामना, तिचा एखादा पास यांचा उल्लेख असेल तरच ती ईमेल तिच्यासाठी लिहिलेली असते.

मग मी नीट वाचायला बसले. एनसीएएत तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन वन म्हणजे टीव्हीवर दिसतात ती कॉलेजं. डिव्हिजन टूमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते, पण बहुधा अर्धीमुर्धी. डिव्हिजन थ्री सगळ्यात मोठी, चारशेहून जास्त कॉलेजं, आणि तिथे खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. मिळते ती गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर आधारलेली मदत. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं. डिव्हिजन वन आणि टूसाठी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नाव नोंदवावं लागतं, हायस्कूलचे १६ कोअर विषय आणि ठरावीक जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतो. हे बारावीत कळून उपयोग नाही, नववीपासूनच विषय बघून घ्यावे लागतात.

लेकीची उंची पाच फूट सहा इंच. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ रचणारी. हात चांगला, पास फार चांगला, पाय मध्यम वेगाचे. हे मी आज इतक्या सरळपणे लिहू शकते. तेव्हा तिच्या हायस्कूलच्या कोचनी हेच वाक्य आमच्यासमोर टेबलावर ठेवलं तेव्हा मला रडू आवरेना. लेक मात्र म्हणाली, “मग कुठे खेळू शकेन, ते सांगा ना.” त्यांनी वीस नावांची यादी दिली, बहुतेक डिव्हिजन थ्री. घरी आल्यावर हिच्या बाबांनी विचारलं, पैसे मिळणार नाहीत तर मग कशासाठी? प्रश्न रास्त होता. उत्तर तिनेच दिलं. तिला खेळायचं होतं, बेंचवर बसून टीव्हीत दिसायचं नव्हतं. पुढे २०२४ साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या मुलींनी एकही सामना न हरता डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद घेतलं. ते सामने आम्ही घरी बसून पाहिले तेव्हा बाबांचा प्रश्न कायमचा मिटला.

ईमेल मुलीनेच लिहायची. हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड धडा होता. पहिली मी लिहिली होती. शुद्ध, नम्र, लांबलचक. तिने ती पुसली आणि सहा ओळी लिहिल्या: इयत्ता, उंची, संघातली जागा, जीपीए, पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक, व्हिडिओची लिंक. शिवाय त्या कॉलेजच्या संघाचा एक सामना स्वतः पाहून त्याबद्दल एक ओळ. त्या एका ओळीसाठी ती दीड-दोन तासांचा सामना बघायची. एकूण ४३ ईमेल गेल्या, ११ उत्तरं आली. प्रत्येक कॉलेजच्या साइटवरची प्रश्नावलीही भरायची, ते विसरू नका.

व्हिडिओ तीन मिनिटांचा पुरतो. उत्तम खेळ पहिल्या अर्ध्या मिनिटात, आणि प्रत्येक क्लिपच्या आधी आपली मुलगी कोणती ते बाणाने दाखवलेलं. गाणं नको. खरा रस दाखवणाऱ्या प्रत्येक कोचने नंतर पूर्ण सामना मागितला. एका कोचने आवर्जून सांगितलं की चेंडू हातातून गेल्यावर मुलगी काय करते, तेच त्या बघतात. आम्ही मुद्दाम हरलेला सामना पाठवला, कारण त्यात ती शेवटच्या मिनिटापर्यंत मागे धावत होती.

अकरावीनंतरचा उन्हाळा एएयूच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब संघांच्या, स्पर्धांमध्ये गेला. पेनसिल्व्हेनियात मॅनहाइमला स्पूकी नूक नावाचं अवाढव्य क्रीडासंकुल आहे. एकाच छपराखाली ओळीने कोर्ट, एकाच वेळी इतक्या शिट्ट्या की आपल्या सामन्याची कोणती ते कळेना. बेसलाइनजवळ खुर्च्यांवर कॉलेजचे शर्ट घातलेले कोच. सगळे आईबाप सामन्याकडे कमी आणि त्या खुर्च्यांकडे जास्त बघत होते, मीही त्यांतलीच. दुसऱ्या दिवशी लेक जेवताना म्हणाली, “आई, तू त्यांच्याकडे बघतेस ते मला दिसतं. मग मी पण बघते.” तेव्हापासून मी विणकाम घेऊन बसायला लागले. त्या उन्हाळ्यात दोन स्वेटर झाले.

तिचं सगळ्यात आवडतं कॉलेज त्या उन्हाळ्यात दर आठवड्याला फोन करत होतं. कोच म्हणायच्या, तुझा खेळ आम्हाला फार आवडतो. ऑगस्टमध्ये फोन थांबले. सप्टेंबरात त्यांच्या साइटवर बातमी आली, दुसऱ्या कॉलेजातून आलेली तिसऱ्या वर्षाची गार्ड. हे त्या एका कोचपुरतं नाही. २०१८मध्ये एनसीएएचं ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झालं, २०२१पासून डिव्हिजन वनच्या खेळाडूंना कॉलेज बदलून लगेच खेळता यायला लागलं आणि कोविडमुळे त्या काळातल्या खेळाडूंना एक जादा वर्षही मिळालं. अठरा वर्षांच्या मुलीपेक्षा एकवीस वर्षांची, कॉलेजात खेळून तयार झालेली मुलगी कोचला परवडते. वरच्या डिव्हिजनमध्ये जागा अडल्या की तिथल्या मुली खाली सरकतात आणि धक्का शेवटी हायस्कूलच्या मुलींना बसतो. हे सगळं मला समजत होतं, तरी तीन दिवस तिने चेंडूला हात लावला नाही तेव्हा माझा जीव तीळतीळ तुटत होता.

आवडली आणि हवी यांतला फरक आम्ही असा शिकलो. ‘हवी’ म्हणणारा कोच काय करतो, तर प्री-रीड मागतो. अकरावीचे गुण, बारावीचे विषय आणि असतील तर परीक्षांचे स्कोअर तो कॉलेजच्या प्रवेश विभागाकडे पाठवतो आणि प्रवेशाचा अंदाज घेतो. डिव्हिजन थ्रीमध्ये हे साधारण जुलैत सुरू होतं. लेकीचा प्री-रीड चार ठिकाणी झाला. तिथून पुढे थेट विचारायचं: तुमच्या यादीत माझा क्रमांक कितवा, माझ्या जागी आणखी किती मुली, प्रवेश विभागाकडे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकणार का? हे प्रश्न तिने स्वतः फोनवर विचारले. मी स्वयंपाकघरात उभी होते, पोळी तव्यावर करपली. दोन कोचेसनी शब्द फिरवले. एका कोचने सरळ सांगितलं, “दोन गार्ड घेणार आहे, त्यांतली तू एक.”

त्या कॉलेजला ती ऑक्टोबरात एक रात्र राहून आली. संघाच्या मुलींबरोबर जेवली, खेळली. परत आल्यावर कोर्टबद्दल कमी आणि रात्री दोन वाजता मायक्रोवेव्हमध्ये केलेल्या नूडल्सबद्दल जास्त बोलली, त्यावरून मी काय ते ओळखलं.

मग अर्ली डिसिजन. प्रवेश मिळाला तर जायचंच, असा करार. सही करण्याआधी पैशांचं बघा, पुन्हा सांगते. आमच्या वर्षी सरकारी आर्थिक मदतीचा एफएएफएसए फॉर्म नव्याने तयार होत होता आणि २०२३च्या डिसेंबरअखेरपर्यंत उघडलाच नाही. अर्ज तर नोव्हेंबरात द्यायचा. आम्ही खर्चाचा अंदाज देणारा कॉलेजचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर आणि कॉलेजच्या मदतीसाठी भरायचा सीएसएस प्रोफाइल फॉर्म यांच्या भरवशावर गेलो, आणि आर्थिक मदतीच्या कार्यालयाकडून आधी लेखी अंदाज मागून घेतला. तो मागायला संकोच वाटला होता. मागितला नसता तर मी सही करू दिली नसती.

डिसेंबरच्या मध्याला निकाल आला. तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि स्वतः डोळे मिटून घेतले. वाचायचं काम बाबांवर आलं.

पहिला सामना २०२४च्या नोव्हेंबरात, संध्याकाळी सात वाजता. सांगलीत पहाटेचे साडेपाच. आजी शाल पांघरून, चहाचा कप हातात घेऊन व्हिडिओ कॉलवर. तिच्या मागच्या भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेला पुण्याच्या शिरीन लिमयेचा फोटो, भारतीय महिला संघाची कर्णधार म्हणून छापलेला. आजीने तो नात हायस्कूलमध्ये असताना लावला होता. मी माझा फोन स्टँडच्या कठड्यावर टेकवून कोर्टकडे वळवून धरला.

लेक तिसऱ्या क्वार्टरमध्ये आत गेली. चार मिनिटं खेळली. दोन पास दिले, त्यांतल्या एकावर बास्केट झालं. मग चेंडू तिच्याकडे आला तेव्हा ती मागच्या रेघेच्या बाहेर उभी होती, समोर कुणी नव्हतं. तिने मारला. चेंडू रिंगला लागून बाहेर आला आणि ती तेवढ्यात बचावासाठी मागे पळाली होती. शिट्टी झाली, तिच्या जागी दुसरी मुलगी आली.

फोनमधून आजीचा आवाज आला, “अगं, बरोबर होता की तो. परत कधी बोलावतात तिला आत?”

मी म्हटलं, “थांब आई, बघूया.”