आमच्या तलावाचं दुसरं पान

मिशिगनमध्ये आमचं घर एका लहान तलावाच्या मागच्या रांगेत आहे. म्हणजे काठ आमचा नाही, पण आमची गल्ली थेट पाण्याशी जाऊन संपते आणि त्या टोकावर सगळ्यांचा हक्क आहे, असं घर घेताना एजंटने छातीठोक सांगितलं होतं. पहिल्याच जूनमध्ये मी आणि मुलगा आमची कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी होडी, डोक्यावर घेऊन तिथे गेलो. बघतो तर टोकाला चार खाजगी डॉक, म्हणजे बोटी बांधायचे धक्के, बोटी पाण्याबाहेर उचलून धरणारे दोन हॉइस्ट, आणि एका खांबावर पाटी: 'खाजगी'. चाळीस फुटी रस्त्याच्या तोंडाशी कनू पाण्यात सोडायला वीतभर जागा नाही. आल्या पावली परत.

टाउनशिपमध्ये, म्हणजे आमच्या स्थानिक संस्थेत, फोन केला. ते म्हणाले, रस्ता काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा. काउंटीचं रस्ते खातं म्हणालं, डॉक पाण्यात आहेत, तो राज्याचा विषय. राज्याचं खातं म्हणालं, आधी रस्ता खरोखर सार्वजनिक आहे का ते बघा. तिघंही फार गोड बोलले, काम एकाचंही नव्हतं.

आता मुद्द्याचं. रस्ता सार्वजनिक आहे की नाही, हे ठरतं वसाहतीचे प्लॉट पाडताना नोंदवलेल्या नकाशावरून. त्याला इथे प्लॅट म्हणतात. आपला गटाचा नकाशा समजा, फक्त त्यावर मूळ मालकाने रस्ते कुणाला दिले ते वाक्यात लिहिलेलं असतं. 'जनतेच्या वापरासाठी' असेल तर आपण जिंकलो, 'फक्त प्लॉटधारकांसाठी' असेल तर सगळं वेगळं. हे कागद काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात मिळतात, आमच्यापासून चाळीस मिनिटांवर. अर्धा दिवस रजा टाकून गेलो. खिडकीवरच्या बाईंनी मायक्रोफिल्मवरून प्रत काढून दिली. काळीकुट्ट. प्लॉटचे आकडे भिंगातून दिसत होते, वाक्य कुठेच नव्हतं. मी विचारलं, रस्ते कुणाला दिले तो अर्पणपत्राचा मजकूर कुठे आहे? "नकाशात असेल तेवढंच," आणि पुढचा नंबर.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कार्यालय उघडं होतं, पण प्रती काढायची वेळ संपली होती. ही वेळ दारावर लिहिलेली नाही. मी थोडा चढ्या आवाजात बोललो, त्याचा उपयोग शून्य.

मग गल्लीतले एक निवृत्त सर्व्हेयर आजोबा माझी काळी प्रत उन्हात धरून म्हणाले, "कोपऱ्यात काय लिहिलंय वाच." बारीक अक्षरात होतं: पान १, एकूण २. दोन फेऱ्या, एक रजा, आणि मी तो कोपरा बघितलाच नव्हता! तिसऱ्या फेरीत त्याच खिडकीवर त्याच बाईंना म्हटलं, दुसरं पान द्या. त्यांनी शांतपणे दिलं. "आधी मागितलं नव्हतंत." दुसऱ्या पानावर नोटरीच्या शिक्क्याच्या वर एकच ओळ: सर्व रस्ते जनतेच्या वापरासाठी अर्पण. गाडीत बसून मी ती ओळ बायकोला फोनवर दोनदा वाचून दाखवली.

तुम्ही प्रत घ्याल तेव्हा खिडकीवरून हलण्याआधी पानं मोजा.

माहिती अधिकाराचा अर्ज मी टाउनशिपकडेही केला होता, जुने ठराव मागायला. पाच कामाचे दिवस, मग आणखी दहा कामाच्या दिवसांची मुदतवाढ, मग उत्तर: असा दस्तऐवज नाही.

कायदा आमच्या बाजूचा होता. मिशिगनचा २०१२ चा ५६ क्रमांकाचा कायदा सांगतो की तलावाशी संपणाऱ्या सार्वजनिक रस्त्याच्या टोकाला हॉइस्ट चालत नाही, मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत बोट बांधून ठेवता येत नाही, आणि डॉक असलाच तर स्थानिक संस्थेने मंजूर केलेला, हंगामापुरता, एकच आणि सार्वजनिक. दंड ५०० डॉलरपर्यंत, आणि दर चोवीस तासांना नवा गुन्हा.

टाउनशिपच्या सभेत नागरिकांना तीन मिनिटं मिळतात. पहिल्या सभेत मी ती तीन मिनिटं मुलगा, कनू आणि अन्याय यांत घालवली. घंटा वाजली तेव्हा कायद्यापर्यंत पोचलोही नव्हतो. डॉकवाले म्हणाले, आम्ही तीस वर्षं हे डॉक टाकतोय, दर शरदात बर्फाआधी काढतोय, काठ स्वच्छ ठेवतोय. हे खरंही होतं. पुढच्या महिन्यात मी फक्त ती ओळ वाचली आणि बसलो. चाळीस सेकंद. टाउनशिपचे वकील म्हणाले, सरकारी रस्त्यावर वहिवाट लागू होत नाही. हॉइस्ट हटवण्याचा आणि एकच सामाईक डॉक टाकण्याचा ठराव झाला. विरोधात एकच मत.

काठावरच्या एका शेजाऱ्याने मात्र बाहेर पडताना मला अडवलं. मिशिगनमधल्याच हिगिन्स लेक या तलावाच्या खटल्यात १९९३ साली अपील कोर्टाने रस्त्याच्या टोकाला सहल आणि नुसतं पडून राहणंही नाकारलं होतं, याची त्याने आठवण करून दिली. म्हणजे आम्हीही तिथे सतरंजी टाकून भेळ खाऊ शकत नाही. पाण्यात उतरायचं, पाण्यातून वर यायचं, बस्स. माझी कुरकुर झाली, पण न्याय दोन्हीकडे सारखाच लागला.

हो, सभेचा कच्चा इतिवृत्तांत आठ कामाच्या दिवसांत मिळतो, तो मागून घ्या. आमच्या इतिवृत्तांतात ठरावातला 'एकच' हा शब्द गळला होता, तो मला पुढच्या सभेत उठून घालून घ्यावा लागला.