दोन पर्जन्यमापक, एक गच्ची : आकडे जुळतात का? (पावसाळी अपडेट)

मंडळी, जोडी अजून चालू आहे. एकीकडे नरसाळं-बाटलीवाला साधा पर्जन्यमापक, त्यातलं पाणी सकाळी साडेआठला मापात ओतून बघतो, आणि शेजारी टिपिंग बकेट, दर ०.२ मिमीला टक्क करून कलंडणारी. सगळे आधी हेच विचारतात की कोरिलेशन (दोन आकडे एकमेकांबरोबर किती सरळ रेषेत वर-खाली होतात त्याचं माप, जास्तीत जास्त १) किती आलं. अहो ते भरपूरच येणार, दोन्हींवर पाऊस तोच पडतोय ना!

समजा साध्यात १०, २०, ४०, ८० मिमी आणि बकेटमध्ये ८, १६, ३२, ६४. कोरिलेशन चक्क १, आणि बकेट रोज २० टक्के कमी दाखवतेय! बरं मग लिनचा कॉन्कॉर्डन्स कोएफिशियंट, म्हणजे दोन आकडे हुबेहूब किती जुळतात त्याचं माप, तो अशा फरकाचे मार्क कापतो म्हणे, तर तोही याच आकड्यांवर ०.९३, कारण पावसाची रेंजच एवढी मोठी. आयसीसीचं (इंट्राक्लास कोरिलेशन, जुळणीचं आणखी एक माप) दुखणं तेच, अख्ख्या पावसाळ्याचा डेटा दिला की झकास, नुसते रिमझिमीचे दिवस दिले की धाडकन खाली, यंत्रं मात्र तीच. पेअर्ड टी-टेस्ट तर सोडाच, ती फक्त फरकांची सरासरी शून्यापासून लांब आहे का एवढंच बघते: एक दिवस १० जास्त, एक दिवस १० कमी, टेस्ट खूश.

म्हणून ब्लँड आणि ऑल्टमन या दोघांची पद्धत: रोजचा फरक (बकेट वजा साधा) दोन्हींच्या सरासरीसमोर प्लॉट करायचा आणि बहुतेक फरक ज्यात बसतात त्या मर्यादा काढायच्या. त्यांच्या १९८६ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या पेपरात दोन पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारी यंत्रं) होते, १७ माणसं, कोरिलेशन ०.९४, आणि फरकाच्या मर्यादा साधारण उणे ८० ते अधिक ७६ लिटर दर मिनिटाला. वाचूनच घाम फुटतो.

माझ्या प्लॉटमध्ये लहान पावसाचे ठिपके शून्याला चिकटून आणि ६४.५ मिमीच्या वर, म्हणजे हवामान खात्याच्या हिशोबाने मुसळधार सुरू होतो तिथे, पंख्यासारखे पसरत खाली घसरलेले. बकेट कलंडत असते त्या क्षणी वरून येणारी धार नीट मोजलीच जात नाही, त्यामुळे सर जितकी जोरात तितका तोटा. अशा डेटाला सरसकट सरासरी अधिक-उणे १.९६ एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, फरकांचा पसारा) लावलं तर रिमझिमीला मर्यादा उगाच रुंद आणि मुसळधारला अपुरी. मी लॉग घेऊन गुणोत्तरात मर्यादा काढतोय, टक्क्यांत वाचता येतात. २ मिमीच्या खालचे दिवस वेगळे, तिथे एका टिपनेच टक्के उड्या मारतात. दोन्हीकडे शून्य असलेले कोरडे दिवस बाद, ते फुकटचे मार्क.

चालेल इतका फरक किती, तो आकडा मात्र प्लॉट काढायच्या आधीच ठरवायचा, माझा १० टक्के. आता सलाईनच्या नळीने थेंब-थेंब पाणी सोडून बकेट तपासणार आहे, २०० चौ. सेमी तोंडाच्या नरसाळ्याला एका टिपला ४ मिली पडायला हवेत. कोणी जोरात धार सोडून केलंय का? आकडे टाका.