सूर्याकडून आलेले जादा न्यूट्रिनो

"सर, सूर्याकडनं जादा येताहेत की ओ!" बेळगावातल्या आमच्या विभागात एमएस्सीच्या प्रकल्पाचा आलेख समोर आला. सूर्याभोवतीच्या ३ अंशांच्या शंकूत न्यूट्रिनोंच्या, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या कणांच्या, अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त नोंदी. खरं निघालं असतं तर ती डार्क मॅटरची, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाची, खूण ठरली असती.

डार्क मॅटरचे कण, म्हणजे विम्प, सूर्यातून जाताना क्वचित हायड्रोजनच्या केंद्रकाला धडकतात, वेग गमावतात आणि गाभ्यात साठत जातात. तिथे दोन-दोन कण एकमेकांना संपवतात. त्या राड्यातून सूर्याबाहेर निसटतो तो फक्त न्यूट्रिनो. सूर्याचे नेहमीचे न्यूट्रिनो २० एमईव्हीच्या आतले असतात, हे शेकडो जीईव्हीचे, म्हणजे हजारो पट जास्त ऊर्जेचे. त्यामुळे त्यांची गल्लत होत नाही.

डेटा आइसक्यूब या न्यूट्रिनो-वेधशाळेने खुला केलेला, २००८ ते २०१८चा, ११ लाखांवर नोंदींचा. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात १४५० ते २४५० मीटर खोलीवर, ८६ तारांना लावलेले ५१६० प्रकाशसंवेदक. प्रत्येक ओळीत वेळ, ऊर्जा, विषुवांश आणि क्रांती (आकाशातलं पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण स्थान) आणि दिशेतली त्रुटी.

पहिला संशय वेळेवर. खगोलशास्त्रात दिवस मोजायचा ज्युलियन दिवस दुपारी सुरू होतो, या फाइलमधला सुधारित दिवस मध्यरात्री. तो अर्धा दिवस विसरला की सूर्य अर्धा अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढा. युटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, जागी आपली वेळ घातली तर पाव अंशाच्या आत. पण असल्या घोळाने असलेली वाढ पुसट होते, नसलेली उगवत नाही. शिवाय वेळ बरोबरच होती. ध्रुवावर सूर्य क्षितिजाखाली असतो तेवढेच महिने, मार्च अखेर ते सप्टेंबर, घेतले होते. तेही योग्य, कारण वातावरणात बनणारे म्युऑन हे कण वरून सेकंदाला हजारोंनी येतात, खालून येणारे मात्र पृथ्वी अडवते.

घोटाळा पार्श्वभूमीत, म्हणजे डार्क मॅटर नसतानाही अपेक्षित असलेल्या नोंदींत, होता. ३ अंशांचा शंकू उत्तर गोलार्धाचा ०.००१३७ भाग व्यापतो, म्हणून लाखामागे १३७ नोंदी अपेक्षित, असा हिशेब केलेला. हा हिशेब आकाश सगळीकडे सारखं असेल तरच चालतो. सूर्य मात्र त्या काळात ० ते २३.४ अंश क्रांतीच्या पट्ट्यातच फिरतो, म्हणजे ध्रुवावरून क्षितिजालगत. तिथे तिरके येणारे पायॉन (वैश्विक किरण हवेवर आदळून बनणारे कण) विरळ हवेत जास्त वेळ असतात, धडकण्याआधी विघटतात आणि वातावरणीय न्यूट्रिनो जास्त बनतात. उलट सरळ पृथ्वीच्या गाभ्यातून येणारे उच्च ऊर्जेचे वाटेतच शोषले जातात. अख्ख्या जिल्ह्याची सरासरी काढून घाटाकडच्या जांबोटीत पाऊस "जादा" म्हणायचा, तसं झालं. कोरडी अथणीही याच जिल्ह्यात आहे.

उपाय सोपा. प्रत्येक नोंदीची वेळ आणि क्रांती तशीच ठेवायची, विषुवांश तेवढा यादृच्छिक टाकायचा, सूर्यापासूनचं अंतर पुन्हा काढायचं. असं हजार वेळा केलं की सरासरी आणि पसारा दोन्ही मिळतात. स्क्रिप्ट पुन्हा चालवली. शंकूतली संख्या त्या पसाऱ्यात निमूट जाऊन बसली.

"मग डार्क मॅटर नाहीच म्हणायचं की सर?"

तसं नाही. सूर्यात अडकणं आणि संपणं यांचा तोल साधला असेल, तर संपण्याचा दर अडकण्याच्या निम्मा. म्हणून न्यूट्रिनो न दिसणं प्रोटॉनशी धडकण्याच्या शक्यतेवर वरची मर्यादा घालतं. हायड्रोजन भरपूर असल्याने स्पिनवर, म्हणजे कणाच्या अंगभूत फिरकीवर, अवलंबून असलेल्या धडकेसाठी ती विशेष कडक. मात्र ही फाइल टीईव्ही (हजार जीईव्ही) ऊर्जेच्या स्रोतांसाठी निवडलेली आहे आणि १ टीईव्हीच्या वर सूर्यच बहुतेक न्यूट्रिनो गिळतो. १०० जीईव्हीच्या आसपास शोधायचं तर मधल्या दाट तारांची, डीपकोअरची, निवड हवी. अहवालात दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लावायचे ठरलं, पहिल्याखाली त्याची पार्श्वभूमी कशी काढली ते लिहून.