चाळीस रुपये गुन्हेगारी

इंदुरात मी मोडी कागद वाचून देते. लोक बहुतेक जमिनीच्या वादासाठी येतात, नाहीतर वंशावळीसाठी. रामबागेतले एक काका मात्र निराळंच मागणं घेऊन आले. त्यांचे पूर्वज होळकरशाहीत निमाडातल्या एका कसब्याचे कमाविसदार, म्हणजे वसूल गोळा करणारे अधिकारी, होते आणि घराण्याच्या स्मरणिकेसाठी काकांना तिथल्या जुन्या भानगडी हव्या होत्या. "ताई, हिशोब-बिशोब राहू द्या. जुगार, कलालीतल्या मारामाऱ्या, आणि ती विधवा जमादाराबरोबर पळाली ना, तेवढं शोधून द्या." पळालेल्या विधवेची गोष्ट त्यांच्याकडे दर गणपतीत रंगते. त्या कसब्यातही अजून तिच्या नावाने टोमणे मारतात म्हणे.

खारव्याच्या जाड कापडात बांधलेले तीन रुमाल, म्हणजे कागदांची बासनं, होते. त्यातले काही कागद कुणीतरी हौसेने लॅमिनेट करून ठेवलेले. लोकांना किती वेळा सांगायचं? ते प्लॅस्टिक परत निघत नाही, दिव्याखाली चकाकतं आणि ऐन जोडाक्षरावर डोळा अडतो. कसरीने खाल्लेला कागद एक वेळ वाचता येतो, हा नाही.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू फारसा न उचलता लिहीत जायचं. शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. सरावाने ते लागतं, कस लागतो तो तारखेत. एका कागदावर होतं, "खमस सलासीन मयातैन व अलफ, छ ४ रजब". पाच, तीस, दोनशे, हजार, म्हणजे जुन्या मराठी दफ्तरांत अरबी अंकशब्दांनी लिहीत तो शुहूर सन १२३५. त्यात ५९९ मिळवले की १८३४. हरिराव होळकर महेश्वरच्या कैदेतून सुटून गादीवर आले ते हेच वर्ष. छ ४ रजब म्हणजे मुसलमानी रजब महिन्याचा चौथा चंद्र. त्या साली रजबचा चंद्र आणि भाऊबीज एकाच सुमारास येतात, तेव्हा कागद दिवाळी नुकतीच सरल्यावरचा असणार. आणि खरोखरच पहिली कलमं दिवाळीत जुगार खेळताना धरलेल्यांची निघाली! असं जुळलं की दिवसभराचा शीण जातो.

कागद जमेचा होता. जुगाऱ्यांचा दंड, कलालीच्या मक्त्याचा हप्ता, वजनांवर शिक्का मारल्याची बटछपाई, आणि त्याच रांगेत "गुन्हेगारी, सिंदळकीबद्दल". गुन्हेगारी म्हणजे इथे दंड, सिंदळकी म्हणजे व्यभिचार. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं. दंड हा वसुलाचाच भाग असे, पेशवाईतही होता. दारूच्या मक्त्याचे पैसे घ्यायचे आणि दारू पिऊन कुणी धिंगाणा घातला की त्याचेही घ्यायचे. गावातली कुजबुज कचेरीपर्यंत पोचली की तिचं कलम होई आणि कलमापुढे आकडा पडे. त्या काळच्या रंगेलपणाचं कौतुक करणाऱ्यांनी जमेची ही पानं एकदा वाचावीत.

त्या विधवेच्या नावापुढे रुपये ४० होते. जमादाराच्या नावासाठी मी तिन्ही रुमाल चाळले. त्याच्याकडून छदामही घेतल्याची नोंद नाही. तिच्या कलमाखाली बारीक अक्षरात होतं, पैकी रोख १५, बाकी २५, जामीन तिचा दीर. वर फिर्यादीचं नाव होतं, तेही दिराचंच.

दुसऱ्या रुमालात खरेदीखत सापडलं, दोन महिन्यांनंतरचं. तिच्या नवऱ्याच्या वाट्याचं विहिरीलगतचं शेत दिराने घेतलं, किंमत रुपये २५, गुन्हेगारीच्या बाकीत वळते, म्हणजे दंडाच्या उरलेल्या रकमेत जिरवलेले. शाई फिकट झाली होती, पण तळाशी कारकुनाने काढलेलं लहानसं वर्तुळ स्वच्छ दिसत होतं. निशाणी बांगडी. लिहिता न येणाऱ्या बायकांची सही अशीच असे, नांगरधाऱ्याची नांगर. म्हणजे दोन महिन्यांनी बाई कसब्यातच होती, पंचांसमोर बसून शेत लिहून देत होती. मग पळाली कधी?

मी काकांना दोन्ही कागद समोरासमोर ठेवून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते चाळीस आमच्या पूर्वजांनी खाल्ले म्हणता का?" मी म्हटलं, जमेत धरलेत, म्हणजे लपवलेले नाहीत, एवढंच कागद सांगतो. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पण पुढे म्हणाले, "तरी पळून गेली असंच राहू द्या. लोक तेच ऐकत आलेत."

माणूस वाईट नाही, पण या वाक्याचा मला राग आला. जुगाऱ्यांच्या जबान्या त्याच रुमालात आहेत, कोण किती हरला हेसुद्धा लिहिलंय. तिची जबानी मात्र कुठेच नाही. जमादाराशी तिचं काही होतं की सगळंच दिराचं कुभांड, हे या कागदांवरून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. फिर्याद त्याची, जामीन तो आणि शेतही त्याच्याच घरात गेलं, एवढं कागदोपत्री आहे.

स्मरणिकेत "मोडी वाचन" म्हणून माझं नाव जाणार आहे. मी काकांना सांगितलं, गोष्ट छापायची तर छापा, पण समोरच्या पानावर खरेदीखत आणि त्याचं लिप्यंतर पूर्ण छापा, नाहीतर माझं नाव काढा. घरच्यांना विचारून सांगतो, म्हणाले. तिसऱ्या रुमालातला कसर लागलेला गठ्ठा मी अजून परत दिलेला नाही. फिर्यादीचा मूळ अर्ज कदाचित त्यातच असेल.